न जुळणारं रीडिंग खोडायला लावू नका: विज्ञान शिक्षकांना खुलं पत्र

विज्ञानाची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या, जर्नल तपासणाऱ्या आणि परीक्षक म्हणून प्रयोगशाळेत जाणाऱ्या सर्व शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळल्या, जर्नलांच्या गठ्ठ्यांवर सह्या केल्या, परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळांत जाऊन तोंडी परीक्षाही घेतल्या. त्यामुळे बाहेरून येऊन उपदेश करावा तसं हे पत्र नाही. माझ्या हातून जे घडलं ते सांगायचं आहे आणि त्यावरून तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

प्रयोग साध्या लंबकाचा. आपल्यातल्या प्रत्येकाने तो कितीतरी वेळा घेतला असेल. दोऱ्याला धातूचा गोलक टांगायचा, दोऱ्याची लांबी बदलत जायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, एका आंदोलनाचा आवर्तकाल काढून त्याचा वर्ग करायचा. मग लांबी आणि हा वर्ग यांचा आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचं. उत्तर 9.8. मुलांना ते दोरा बांधायच्या आधीपासून पाठ असतं.

एका वर्षी एका मुलीचा आलेख माझ्यापुढे आला. ठिपके इतके सुरेख की पट्टी ठेवली आणि सगळे तिच्या काठाला येऊन लागले. पण रेघ मूळबिंदूतून जात नव्हती. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या डावीकडे, जेमतेम दोन मिलिमीटरवर छेदत होती. मी म्हटलं, "लांबी शून्य तर आवर्तकालही शून्य. रेघ मूळबिंदूतून गेलीच पाहिजे. नीट काढून आण." तिने क्षणभर आलेखाकडे पाहिलं, मान डोलावली आणि खोडरबर घेतलं. पाच मिनिटांत मूळबिंदूतून जाणारी रेघ आली. मी सही केली.

संध्याकाळी तेच जर्नल पुन्हा हातात आलं तेव्हा दिसलं, की तिचं उत्तर 9.58 आलंय. इतके सरळ ठिपके असताना एवढी तफावत का? खोडलेली रेघ कागदावर दबून राहिली होती, तिचा चढ मोजला. तो 9.8 देत होता. मनात पाल चुकचुकली. तिचे सगळे आकडे मी मोठ्या आलेखकागदावर मांडले आणि रेघ डावीकडे वाढवत नेली. ती अक्षाला शून्याच्या मागे सुमारे पावणेदोन सेंटिमीटरवर भेटली. मग कपाट उघडलं, तिने वापरलेला गोलक काढला, व्हर्निअरने त्याचा व्यास मोजला, वरची कडी मोजली. कडीच्या टोकापासून गोलकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपासच भरलं.

तिने दोरा फक्त कडीच्या गाठीपर्यंत मोजला होता. लांबी मोजायची असते गोलकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे चूक होतीच, पण प्रत्येक वेळी तेवढीच, आणि ती केवढी आहे हे आलेख स्वतःच सांगत होता. गोलकाच्या पोटातला बिंदू, जिथे कुणालाच पट्टी लावता येत नाही, तो त्या रेघेने शोधून दिला होता. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर पहिल्यांदा कळलं. आणि कळायच्या आधी मी ते पुसायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "बाई, मलाही वाटलं होतं, ठिपके एवढे नीट आलेत तर रेघ कशी चुकेल. पण तुम्ही म्हणालात म्हणून..."

ते वाक्य आजही आठवतं. 'ठिपके एवढे नीट आलेत तर रेघ कशी चुकेल' हे जे तिच्या मनात आलं होतं, त्यालाच मी कुतूहल म्हणते. आकाश निळं का, तारे का लुकलुकतात, असले मोठे प्रश्न विचारणाऱ्या मुलांचं आपण कौतुक करतो आणि ते करावंच. पण शोध ज्या कुतूहलातून लागतात ते बहुतेक वेळा असं बारीक असतं. कुठल्या तरी आकड्यापाशी खटकतं, पाणी कुठे तरी मुरतंय असं वाटतं आणि स्वस्थ बसवत नाही. चिकाटी त्याच्या पाठोपाठ येते. ते खटकणं ज्याला सोडून देता येत नाही, तो चिकाटीचा. ही दोन वेगळी गुणवैशिष्ट्यं म्हणून शिकवता येत नाहीत, असं माझं मत होत चाललं आहे.

लॉर्ड रॅले यांची गोष्ट तुम्ही वर्गात सांगत असाल तर जरा सावकाश सांगा, ही विनंती. त्यांना वायूंची घनता अचूक मोजायची होती, त्यात काहीही नाट्यमय नव्हतं. त्यांनी नायट्रोजन दोन मार्गांनी मिळवला. एकदा हवेतून ऑक्सिजन काढून टाकून, आणि एकदा अमोनियाच्या मदतीने. काचेचा गोळा तोच, तापमान आणि दाब तेच, तरी हवेतला नायट्रोजन किंचित जड भरत होता. फरक सुरुवातीला हजारात एक भाग एवढाच. आपल्या प्रयोगशाळेत हजारात एक भागाचा फरक आला तर आपण पेढे वाटू!

रॅले यांनी काय केलं? त्यांनी फरक मोठा करायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी अमोनियाच्या पद्धतीतही बहुतेक नायट्रोजन हवेतूनच येत होता. तो टाळून, सगळा नायट्रोजन अमोनियातूनच मिळवला, तेव्हा फरक हजारात एकावरून दोनशेत एकाजवळ गेला. गोळ्यात भरलेल्या हवेतल्या नायट्रोजनचं वजन 2.3102 ग्रॅम, रासायनिक पद्धतीने काढलेल्याचं सरासरी 2.2990. फरक अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे साधारण एका माशीच्या वजनाएवढा. पुढे 1895 साली आर्गॉनवर व्याख्यान देताना त्यांनी सांगितलं, की विसंगती दिसली की ती घालवून टाकावी अशी पहिली ओढ असते, पण अनुभव असा की ते चुकीचं ठरतं. छोटी विसंगती मोठी करून पाहावी, म्हणजे तिचं कारण सापडतं. मला तर वाटतं, हे प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि तरी त्यांना बराच काळ कारण सापडलं नव्हतं. 1892 साली त्यांनी 'नेचर' नियतकालिकात सरळ पत्र लिहिलं: हे असं येतंय, कुणाला काही सुचतं का? एवढा नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ आणि चारचौघांत विचारतो, की माझा आकडा जुळत नाही, मदत करा. मधल्या काळात त्यांनी एकेक शंका तपासून बाद केली. हलक्या वायूत हायड्रोजन मिसळला असेल का? मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. वायू ठेवून ठेवून बदलतो का? आठ महिने ठेवून पाहिला, तसाच राहिला. पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेऊन शोषून घेतला, तेव्हा एक वायू उरला जो कशाशीच संयोग पावत नव्हता. तो आर्गॉन, 1894. नावाचा मूळ ग्रीक अर्थ आळशी, निष्क्रिय. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता.

की होता? हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1785 साली हवेत विजेच्या ठिणग्या पाडून तिच्यातला नायट्रोजन संपवत आणला होता. शेवटी एक बुडबुडा उरला, मूळच्या नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. तो बुडबुडा आर्गॉनचाच होता. त्यांना तो काय आहे ते कळलं नाही, पण त्यांनी तो खोडला नाही. शंभरेक वर्षांनी रॅले आणि रॅम्से यांना ती नोंद आयती मिळाली. एखाद्या मुलाच्या जर्नलमधला उरलेला बुडबुडा आपण 'प्रायोगिक त्रुटी' एवढ्या दोन शब्दांत मिटवतो, तेव्हा मला कॅव्हेंडिश आठवतात.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, आमच्या वर्गात आर्गॉन सापडणार नाही. मुलं मोजण्यात चुकतात, हेच खरं. अगदी मान्य. न जुळणाऱ्या शंभर रीडिंगांमागे जवळजवळ शंभर वेळा चूकच असते. पण चूक आहे हे ठरवायचं कसं? आकडा पुस्तकाशी जुळत नाही म्हणून? की चूक शोधून, हाताने पकडून?

2011 च्या सप्टेंबरमध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेहून सुमारे 730 किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचताना दिसतायत. आइन्स्टाइनच्या सिद्धांताला थेट धक्का. त्यांनी आकडा लपवला नाही, सगळ्यांपुढे ठेवला आणि तपासायला सांगितलं. काही महिन्यांत कळलं, एका ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. अनेकांनी तेव्हा त्यांची थट्टा केली. मला ती आवडली नाही. चूक नेमकी कुठे होती हे ज्यांना शेवटी दाखवता आलं, त्यांनी काम पूर्ण केलं होतं. आकडा गुपचूप 'सुधारला' असता तर ती जोडणी तशीच सैल राहिली असती.

खोडरबराचा धोका फक्त मुलांना आहे असंही समजू नका. मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या श्यानतेचा, म्हणजे ती हालचालीला किती अडवते त्याचा, आकडा थोडा चुकीचा घेतल्यामुळे त्यांचं उत्तर किंचित कमी आलं. पुढच्या मोजणाऱ्यांची उत्तरं एकदम योग्य आकड्यावर का गेली नाहीत, पायरीपायरीने वर का सरकत गेली, याकडे रिचर्ड फाइनमन यांनी 1974 च्या एका दीक्षान्त भाषणात बोट दाखवलं. त्यांनी दिलेलं कारण आपल्याला घरचंच वाटेल: मिलिकनपेक्षा फार वेगळं उत्तर आलं की लोक कसून चूक शोधत, जवळचं आलं की तितकंसं शोधत नसत. आपली मुलं 9.8 वरून उलटं गणित करून रीडिंग काढतात, तीच सवय मोठेपणी अशी सभ्य रूपात येते.

पाहण्याबद्दलही एक सांगते. फॅरेडे यांनी 1831 च्या ऑगस्टमध्ये चुंबकत्वापासून वीज मिळवली, हे आपण शिकवतो. पण त्यांच्या आधी, 1825 च्या सुमारास, जिनिव्हाच्या कोलाडोन यांनी जवळजवळ तोच प्रयोग केला होता. चुंबकाचा परिणाम थेट गॅल्व्हानोमीटरच्या, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाच्या, सुईवर होऊ नये म्हणून त्यांनी ते उपकरण लांब तारांनी जोडून शेजारच्या खोलीत ठेवलं. काळजी रास्तच होती. वेटोळ्यात चुंबक घालायचा आणि चालत जाऊन सुई पाहायची. सुई हलत असणार, पण ते पोचेपर्यंत ती शून्यावर येऊन थांबलेली असे. फॅरेडे यांच्याकडे ती त्याच क्षणी डोळ्यासमोर हलली, आणि तीही फक्त जोडताना नि तोडताना. सतत वाहणारा प्रवाह मिळेल अशी तेव्हा सगळ्यांचीच अपेक्षा होती. अपेक्षेप्रमाणे काही आलं नाही, एक झटका तेवढा आला. तो झटका त्यांनी वहीत मांडला. त्यांच्या प्रयोगांच्या दैनंदिनीत सोळा हजारांहून अधिक क्रमांकित नोंदी आहेत आणि त्यांत न जमलेल्या प्रयोगांच्याही आहेत. गुरुत्वाकर्षणाचा विजेशी संबंध जोडायची त्यांची धडपड फसली, तेही त्यांनी तितक्याच नीटपणे लिहून ठेवलं आहे.

जोसेलिन बेल तर विद्यार्थिनीच होत्या. 1967 साली रेडिओ दुर्बिणीची रोजची जवळजवळ तीस मीटर कागदाची पट्टी त्या डोळ्यांनी तपासत. त्यात पाव इंचाएवढी एक खरखर दिसली. ताऱ्याच्या खुणेसारखी नाही आणि माणसांनी केलेल्या व्यत्ययासारखीही नाही. ती पुन्हा आकाशाच्या त्याच भागात दिसली तेव्हा त्यांना आठवलं, की हे आधी पाहिलंय. आठवलं, कारण पहिल्या वेळी त्यांनी ते नजरेआड केलं नव्हतं. जलद चालणाऱ्या कागदावर नोंद घेतली तेव्हा दर सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने येणारे ठोके उमटले. तो पहिला पल्सार, ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणारा तारा. एवढ्या लांब कागदावर पाव इंच! आपल्या परीक्षकांपैकी किती जणांनी त्यांना 'पट्टी स्वच्छ काढ' म्हटलं असतं, हा विचार मनात येतो आणि नकोसा होतो, कारण मी स्वतः दोन मिलिमीटरसाठी तेच म्हटलं होतं.

वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, मुलं चाळीस-पन्नास, स्टॉपवॉच सहा आणि त्यातली दोन बंद. अभ्यासक्रम पुरा झाला नाही तर जाब आपल्यालाच. ही अडचण खोटी नाही आणि ती सुटेपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही. पण घाईत काय हातचं जातं त्याचं एकच उदाहरण देते. जठराच्या व्रणामागे जिवाणू असतील का, हे पाहण्यासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी घेतलेले नमुने जिवाणू वाढवण्याच्या बशीत ठेवले जात आणि दोन दिवसांत काही दिसलं नाही की टाकून दिले जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बश्या तशाच राहून गेल्या. त्यांत जिवाणू वाढलेले दिसले. तो जिवाणू मुळात सावकाश वाढणारा होता, दोन दिवसांचा नियमच त्याला पुरत नव्हता. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणून वाटतं, वर्षातून निदान एक प्रयोग असा असू द्या की जो एका तासात आटपायचा नाही. त्याच गटाने, त्याच साधनांनी, चार-पाच वेळा करायचा आणि दर वेळी काय वेगळं आलं ते मांडायचं. बाकीचे दोन प्रयोग त्यापायी घाईत झाले तरी चालेल, असं मी स्पष्टच म्हणते.

आणि गुण. खरी गोम तिथेच आहे. अपेक्षित उत्तराच्या जवळ आलं तर पूर्ण गुण, लांब गेलं तर कमी, ही पद्धत मुलाला पहिल्याच वर्षी शिकवते की आकडा कसा मिळाला याला किंमत नाही. गोलक सोडतानाच 'एक' मोजायला सुरुवात केली तर वीसच्या जागी एकोणीसच आंदोलनं होतात आणि उत्तर 10.86 च्या जवळपास येतं. हे उत्तर घेऊन आलेल्या मुलाला आपण नापास करतो. त्याच्याऐवजी त्याला विचारा, "इतकं जास्त का आलं असेल? शोधून सांग." तो जर परत येऊन म्हणाला, की सोडताना शून्य म्हणायला हवं होतं, तर त्याला 9.8 लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या. माझ्या शेवटच्या सहा-सात वर्षांत मी हे वर्गात केलं. सगळी मुलं बदलली असं नाही. बरीचशी तरीही शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवत राहिली. पण दर वर्षी दोन-तीन तरी अशी निघाली, की तास संपला तरी टेबल सोडत नसत.

एक अगदी साधी गोष्ट आजपासून करता येईल. निरीक्षणाच्या तक्त्यात पेन्सिल बंद करा. रीडिंग पेनने लिहायचं, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी दुसरं लिहायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खऱ्या प्रयोगशाळांत असंच करतात. जर्नल गबाळं दिसेल, दिसू द्या. परीक्षक म्हणून जाल तेव्हा खाडाखोडीसाठी गुण कापू नका. उलट एखादी आडवी रेघ मारलेली दिसली तर तिच्यावर बोट ठेवून तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न तोच विचारा. विचारताना आवाजात आरोप नको, उत्सुकता असू द्या. मुलांना तो फरक लगेच कळतो.

आणि फळ्यावर प्रयोगाच्या आधी 9.8 लिहू नका. एवढं माझं ऐका.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी चूक कबूल केल्यावर तिने विचारलं, "बाई, मग आधीची रेघ परत काढू?" मी हो म्हटलं. दबलेल्या खुणेवर पट्टी ठेवून तिने ती रेघ पुन्हा ओढली, या वेळी पेनने. डावीकडे वाढवली, शून्याच्या मागे छेदली तिथे एक छोटं वर्तुळ केलं आणि बाजूला गोलकाचं माप लिहिलं. मग जर्नल माझ्यापुढे सरकवलं. आदल्या दिवशीची माझी सही तिथे होतीच. ती मी तशीच राहू दिली, तिच्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली नव्याने सही करून त्या दिवसाची तारीख टाकली.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका